सुभेदाराच्या कप्प्यात

पाली, जि. रत्नागिरी
रविवार, १४ एप्रिल २०२४

सौ. मालिनी हिस,

तू, गौरव आणि विठूच्या घरची मंडळी खुशाल असाल असं धरून लिहितो. इकडे मी आणि वेद बरे आहोत. आंब्याला यंदा मोहोर उशिरा आला, त्यामुळे फळही मागेच आहे. सखूकाकी दोनदा तुझी चौकशी करून गेली. तिला सांगितलं, भावाकडे गेली आहे, येईल.

नवरात्राच्या आधी निघताना तू म्हणालीस, "फोनवर तुम्ही बोलता नि मी ऐकते. काय सांगायचं ते लिहून पाठवा, म्हणजे मला मध्ये थांबता तरी येईल." म्हणून लिहितो. उशीर झाला हे कबूल. पण अर्धवट माहितीवर लिहायचं नाही ही माझी पद्धत तुला ठाऊक आहे.

मुद्दा गौरवचा. विठूने फोनवर सांगितलं की जूनपासून त्याला हर्णेच्याच शाळेत आठवीत घालायचं तुम्ही ठरवलंत, आणि त्यासाठी इथल्या शाळेचा दाखला हवा, माझ्या सहीने. ती सही मी करणार नाही. मुलाचं घर इथे आहे. सहा-सात महिने मामाकडे राहिला, समुद्र बघितला, मासे खाल्ले, पुष्कळ झालं. जून लागायच्या आत त्याला आणून सोड. तुला यायचं नसेल तर वेदला पाठवतो न्यायला.

तू म्हणशील, तुम्ही त्याला जाच केलात. मालिनी, आठवून बघ. मी त्याच्यावर कधी हात उचलला का? एकदा तरी? दोन्ही मुलांना सारखं दिलं. त्याच चुलीवरचं जेवण, तेच मास्तर, तीच चादर. दूध वाटीने मोजून दिलं. त्यावर वेद कसा झाला बघ. एकोणीस वर्षांचा पोरगा, एक क्विंटलचं जनावर एकटा फिरवतो. आणि गौरव? जेवतो, पण अंगी लागत नाही. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, दोष सापडला नाही. मग खाल्लेलं जातं कुठे? हा प्रश्न विचारला तर त्यात जाच कसला? मी आयुष्यभर हाच प्रश्न विचारत आलो आहे.

त्या रविवारच्या वजनकाट्याबद्दल मी इथे काही लिहीत नाही. तू ते जसं सांगतेस तसं ते नव्हतं.

आता इकडची बातमी, ती चांगली आहे. दिवाळीनंतर एक डॉक्टरीणबाई इथे येऊ लागल्या आहेत, तेजस्वी मॅडम. जनावरांच्या, म्हणजे त्यातही डुकरांच्या. कुठल्या तरी संशोधनासाठी कोकणातल्या खाजगी वराहपालकांची जनावरं बघत फिरतात. माझ्याकडे आल्या नि सुभेदाराला बघून दगडी गडग्यापाशीच थांबल्या. म्हणाल्या, "हा नर तुम्ही कुठून आणलात?" म्हटलं, आणला नाही, केला. चौदा वर्षं केला. दहावी नापास माणूस, शब्दकोश मांडीवर घेऊन इंग्रजी पुस्तकं वाचली, मुंबईत कुरिअरची पाकिटं वाटता वाटता वाचली, आणि इथल्या कातळावर येऊन एकेक पिढी निवडत केला. वाडीतले लोक आमच्याकडे चहा घेत नाहीत, पण माझा सुभेदार बघायला गडग्यावरून माना काढतात, हेही त्यांना सांगितलं. हसल्या.

तुला माझी रीत माहीत आहे, तरी पुढचं कळावं म्हणून लिहितो. एका कप्प्यात दहा पिल्लं. कप्प्याला किती खाद्य टाकलं ते मी मोजतो. हॉटेलचं खरकटं, मिरजोळ्याहून येणारी मासळीची डोकी, कोंडा, सगळं वेगवेगळं तोलून. प्रत्येक पिल्लाचं वजन वेगळं. मग बघायचं, एक किलो वजन चढायला कोणाला किती किलो खाद्य लागलं. ज्याला सर्वांत कमी, तो बीजाला ठेवायचा. बाकीचे बाजाराला. सुभेदाराच्या मुलांना सव्वादोन किलो लागतं. त्यांच्याच कप्प्यातल्या इतरांना साडेतीन. यावर अधिक काय बोलायचं?

मॅडमनी दोन यंत्रं बसवली आहेत. खाद्याची पेटी, तिला एकच तोंड. एका वेळी एकच जनावर आत डोकं घालतं, कानातला बिल्ला यंत्र वाचतं आणि त्याने किती खाल्लं ते आपलं आपण नोंदवतं. माझे आकडे त्यांना तपासून बघायचे आहेत. बघू देत. पुढच्या महिन्यात निकाल. माझं नाव त्यांच्या अहवालात येणार आहे.

गौरवला सांग, सुभेदाराच्या नव्या वेतातलं एक पिल्लू त्याच्यासाठी राखून ठेवलं आहे.

वाट बघतो आहे, हे कळावे.
परशुराम


पाली
रविवार, १२ मे

सौ. मालिनी,

तुझा कागद मिळाला. एवढ्या मोठ्या पत्राला दोन ओळी. "गौरवला विचारलं, जायचं का. तो जेवता जेवता उठून गेला." एवढंच. त्याचा अर्थ मी काय लावायचा? तू कधीच वाक्य पुरं करत नाहीस.

पावसाआधीची, आगोटीची कामं चालू आहेत. छपरावर नवे पत्रे टाकले, दक्षिणेकडचं गटार मोकळं केलं. वेद राबतो आहे. बोलत फारसा नाही, मीही नाही.

यंत्राचा निकाल आला. कोणाला तरी सांगायला हवा आणि वेदला सांगून उपयोग नाही, म्हणून तुला लिहितो. तू अर्धवट वाचून ठेवून देऊ नकोस.

तेजस्वी मॅडम परवा आल्या. पडवीत बसल्या. पाणी घेतलं, चहाही घेतला. मग वही वगैरे न काढता म्हणाल्या, "काका, एक विचारू? कप्प्यातल्या प्रत्येकाने किती खाल्लं हे तुम्ही कसं काढत होतात?"

"टाकलेलं खाद्य भागिले डोकी."

"म्हणजे सगळ्यांनी सारखं खाल्लं असं धरलंत."

"धरलं म्हणजे? गव्हाण एक आहे. कोणाचं तोंड बांधलेलं नाही. उपाशी राहतंय कोण?"

त्या गप्प बसल्या. मालिनी, तू गप्प बसतेस ना, तशाच.

मग सांगितलं. सुभेदाराची मुलं एका वाट्यात नाही, जवळजवळ दीड वाट्यात वाढत होती. मी त्यांचं वजन ग्रॅमपर्यंत बरोबर घेतलं, आणि पोटात गेलेलं मात्र भागाकाराने. दुसऱ्यांचं खाल्लेलं त्यांच्या नावावर पडतच नव्हतं, म्हणून ती काटकसरी दिसत होती. खरं धरलं तर त्यांनाही किलोला सव्वातीन लागतं. म्हणजे वाडीतल्या कुठल्याही डुकराला लागतं तेवढंच. चौदा वर्षं, मालिनी. चौदा वर्षं मी त्यांतला हिसकावणारा शोधून काढून त्याला बीजाला ठेवत होतो आणि त्याला गुण म्हणत होतो.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी सोसलं असतं. चूक भागाकाराची, दुरुस्त करता येते. मी त्यांना म्हटलंसुद्धा, "ठीक आहे, पेट्या वाढवू. प्रत्येकाला त्याचा वाटा मिळेल अशी सोय करू. मग तरी झालं?"

म्हणाल्या, "तेही करून बघितलं." गेल्या महिन्यात त्यांनी एका कप्प्यात दोन जादा पेट्या लावल्या होत्या, मला वाटलं तपासणीसाठी असतील. आता खाद्याला तोटा नव्हता. बाकीच्या पिल्लांनी पोटभर खाल्लं, यंत्रात नोंद आहे. तरी ती वाढली नाहीत. खाल्लेलं अंगी लागलं नाही.

"चावतात का एकमेकांना?" मी विचारलं. कारण शेपट्या मी रोज तपासतो, कान तपासतो. एक ओरखडा नाही.

"नाही. मारत नाहीत, चावत नाहीत. तो नुसता उभा असतो, काका. नि तो उभा असला की बाकीची निजत नाहीत. भिंतीला लागून बसतात, उठतात, पुन्हा बसतात. खाल्लेलं सगळं त्यातच जातं."

मग तीच मरतुकडी पिल्लं त्यांनी उचलून दुसऱ्या कप्प्यात टाकली, जिथे सुभेदाराचं एकही नाही. तीच पिल्लं, तेच खाद्य. पावणेतीन किलोच्या आत आली. एक तर असं वाढलं की मी कानातला बिल्ला दोनदा वाचला.

मी म्हटलं, हे वळण असेल, बापाचं बघून शिकली असतील. तर म्हणाल्या, सुभेदाराचं बीज मी लांज्याला एकाला दिलं होतं ना, त्याच्याकडेही हेच आहे, आणि त्या पिल्लांनी बाप कधी बघितलेलासुद्धा नाही. त्यांनी जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो: "एका जनावराची वाढ थोडी त्याच्या स्वतःच्या रक्तात असते, नि थोडी त्याच्या शेजाऱ्यांच्या रक्तात. आपण निवडताना पहिलीच बघतो."

मी त्यांना चार गोष्टी सुनावल्या. म्हटलं, तुम्ही कालच्या पोरी, मी हे डोळ्यांनी बघत आलो. त्यांनी ऐकून घेतलं. जाताना एवढंच विचारलं, "भुरीची पिल्लं आता कुठल्या कप्प्यात आहेत?"

भुरी तुला आठवत असेल. तूच तिला तांदळाची पेज घालायचीस. माझ्या जुन्या नोंदी त्यांनी पेटीसाठी मागून नेल्या होत्या, त्यांतून त्यांनी हिशेब लावला होता. भुरीच्या पिल्लांची वजनं कधी नजरेत भरली नाहीत, मध्यमच. पण ज्या कप्प्यात भुरीची दोन पिल्लं असत, तो अख्खा कप्पा वाढे. मी कप्पा म्हणून कधी बघितलंच नाही. त्यातला सर्वांत वाढलेला एक मी उचलायचो नि वाटायचं, वा, काय जनावर आहे.

भुरी नि तिच्या लेकी मी तीन वर्षांपूर्वी गोव्याच्या माणसाला कापायला घातल्या. तू म्हणाली होतीस, राहू दे ती, गरीब आहे. मी म्हटलं होतं, गरिबीचा शेडला काय उपयोग.

मॅडमना सांगितलं, नाही राहिली. एकही नाही.

वेद आत सगळं ऐकत होता. त्या गेल्यावर बाहेर आला. म्हणाला, "उद्यापासून तिला पाय ठेवू द्यायचा नाही. आपल्या सुभेदाराला नावं ठेवते." मी म्हटलं, "आकडे खरे आहेत." तर म्हणतो, "आकडे खरे असले म्हणून काय झालं? जो वाढतो तो वाढतो. बाकीच्यांत दम नाय, त्याला सुभेदार काय करील?"

त्याचं ते वाक्य माझंच आहे. शब्दसुद्धा माझे. मी कुठे, कोणासमोर बोललो होतो ते तुला माहीत आहे.

असो. जनावरांचं वेगळं, माणसांचं वेगळं. याचा घराशी काही संबंध नाही, हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण तू तसा लावशील.

तरी एक विचारतो. शिवा, माझा धाकटा भाऊ, आठवतो ना लग्नात कसा होता? हाडं मोजून घ्यावीत असा. मुंबईला गेला नि सहा महिन्यांत ओळखू येईना, गालफडं भरली, आवाज फुटला. आपण थट्टा करायचो, याला मुंबईचं पाणी मानवलं. काल रात्रभर तेच डोक्यात होतं. त्या घरात आमचे बाबा होते, नि मीही होतो. पाणी कोणतं ते आता कोणाला विचारू?

दाखल्याचं नंतर बघू.

गौरव सध्या जेवतो का, एवढं कळव. किती ते नको. जेवतो का.

परशुराम


पाली
रविवार, २ जून

प्रिय मालिनी,

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहितो. तुझं उत्तर मला डोळ्यांनी बघायला मिळालं. ते कसं ते खाली येईल. आधी बाकीचं सांगून टाकतो.

सुभेदार गेला. दहा-बारा दिवस झाले, गाडी आली होती. त्याच्याबरोबर त्याच्या रक्ताची सगळी, म्हणजे शेडमधली जवळजवळ पाऊण भाग जनावरं, बाजाराला घातली. गाडीत चढताना त्याने काही त्रास दिला नाही. फळीवर पाय ठेवला, थांबला, मान वळवून एकदा सगळीकडे बघितलं नि चढला. आत आधी चढलेली डुकरं मागच्या जाळीला जाऊन चिकटली. गाडीवाला म्हणाला, "भारी वट आहे हो याची." मी म्हटलं, हो.

तेजस्वी मॅडमना कळवलं नाही. त्या म्हणाल्या असत्या, एवढं करायची गरज नव्हती, हळूहळू बदलता आलं असतं. त्यांचं बरोबरच असणार. पण हळूहळू करायला मागे भुरी लागते. ती नाही. आहे त्यातून मी आता काय निवडू? चौदा वर्षं जे जे मऊ होतं ते मी हाताने वेचून काढलं. शेडमध्ये आता जे उरलं आहे ते ना धड हे, ना धड ते. पेटीपाशी जातात, खातात. मी तोलायचं सोडलं.

आता त्या रविवारचं. तू मला आठ महिने म्हणते आहेस की निदान तोंडाने एकदा म्हणा. फोनवर जमलं नसतं.

महिन्याच्या पहिल्या रविवारी मी दोन्ही मुलांना शेडच्या काट्यावर उभं करायचो. वेद सहा वर्षांचा असल्यापासून. तुला ते कधी आवडलं नाही. मी म्हणायचो, जो बाप डुकराची वाढ बघतो त्याने पोराची बघू नये का? ऑक्टोबरच्या त्या रविवारी शेड बघायला चिपळूणची माणसं आली होती. आधी वेद चढला. ती माणसं म्हणाली, वा. मग गौरव चढेना. मी त्याला बखोटं धरून चढवलं नाही, हे लक्षात ठेव, मी फक्त "चढ" म्हटलं नि बाजूला उभा राहिलो. तो चढला. काट्यावर त्याचे गुडघे थरथरत होते, त्यामुळे आकडा स्थिर होईना. ती माणसं हसली. आणि मी म्हटलं, "एकाच गव्हाणीतले दोन. जो वाढतो तो वाढतो, बाकीच्यांत दम नाही. जनावर असतं तर केव्हाच काढून टाकलं असतं."

तू पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होतीस. तांब्या खाली ठेवलास नि त्याला काट्यावरून उतरवून घेतलंस, कडेवर घ्यावं तसं, बारा वर्षांच्या पोराला. संध्याकाळच्या एसटीने गेलीस.

म्हटलं. लिहिलं. याने काही हलकं वाटेल असं मला वाटत होतं, तसं वाटत नाही.

आता हर्णेचं. गेल्या शनिवारी मी तिथे आलो होतो. तुला सांगितलं नाही, विठूलाही नाही. ठरवून आलो होतो की गौरवला समोर घ्यायचं, चुकलो म्हणायचं आणि हाताला धरून घरी आणायचं. सुभेदाराला घालवलं, ते सांगायचं. म्हटलं, आता घर बदललं आहे. दुकान बंद होतं. शेजारच्याने सांगितलं, मामा-भाचे लिलावाला गेले आहेत. म्हणून बंदरावर उतरलो.

होड्या लागल्या होत्या, वाळूवर टोपल्यांच्या रांगा, गर्दी. मला तो आधी दिसलाच नाही, ऐकू आला. कोणी पोरगं मोठ्याने बोलत होतं आणि बायका हसत होत्या. मी तो आवाज ओळखला नाही, मालिनी. आपल्या घरात त्याचा आवाज एवढा कधी निघालाच नव्हता. एक जाडजूड मासेवाली, तिला आनंदीबाई म्हणत होते, त्याला म्हणाली, "काय रे शेट, बोली लावतोस का नुसता वास घेतोस?" तर हा म्हणतो, "वास घ्यायचे पैसे पडत नाहीत म्हणून घेतो, मावशे. तुझ्या म्हावऱ्याला तेवढंच परवडतं." सगळी टोळी खिदळली. त्याच्या हातात वडापाव होता, खात होता, खाता खाता बोलत होता. खांदे भरले आहेत. उंच झाला आहे. मी अंदाजाने वजन सांगू शकतो, सांगणार नाही.

मी तिथेच होतो, वीस-पंचवीस पावलांवर, एका उलट्या होडीच्या आडोशाला नाही, उघड्यावर. हाक मारली नाही. पुढे गेलो नाही. काही केलं नाही. नुसता उभा होतो.

त्याची नजर फिरली नि माझ्यावर आली.

वाक्य अर्ध्यात थांबलं. तोंडातला घास तसाच राहिला. खांदे आत गेले, एक पाऊल मागे सरला नि विठूच्या अंगाला जाऊन टेकला. विठूचं लक्ष टोपलीकडे होतं. आनंदीबाई म्हणाली, "काय रे, जीभ गिळलीस का?" त्याने हातातला वडापाव तिच्या टोपलीच्या कडेवर ठेवून दिला.

मी वळलो नि रस्त्यापर्यंत न थांबता चालत आलो. त्या रात्री तो जेवला नसेल. तू त्याला विचारलं असशील नि त्याने काही सांगितलं नसेल. आता तुला कळेल.

परत येताना गाडीत एकच गोष्ट डोक्यात होती. इतकी वर्षं मी काट्याच्या बाजूला उभा राहून आकडे वाचले. वाचणारा मी, म्हणून मी कप्प्याच्या बाहेर आहे असं धरलं. ते कुठेही लिहिलेलं नव्हतं. मीच धरलं होतं. चुकलो म्हणायला मी तिथे गेलो होतो ते खरं होतं गं, मनापासून होतं. पण मनात काय आहे ते त्या पोराला बघायलाच मिळालं नाही. त्याच्यापर्यंत माझं जे पोचतं ते त्याच्याही आधी पोचतं, मी तोंड उघडायच्या आधी. ते मी ठरवून करत नाही, म्हणून मला ते ठरवून थांबवताही येत नाही. बाबांनाही आलं नसणार.

सोबत दाखला आहे. शुक्रवारी शाळेत जाऊन काढला, सही केली आहे. जन्मतारीख आणि तुझं नाव दोन्ही तपासून घेतलं, आधी तुझ्या नावात चूक होती, ती हेडमास्तरांकडून नवीन दाखला लिहून घेऊन दुरुस्त केली. आता बरोबर आहे. पुढच्या शिक्षणासाठी किंवा आणखी कशासाठी सह्या लागल्या तर कागद टपालाने पाठव, त्याच दिवशी करून परत करीन. गणपतीला त्याला पाठवू नकोस. तो म्हणाला तरी नको. मी तिकडे येणार नाही. तुझं तू बघ, तुला ये किंवा येऊ नको असं मी म्हणत नाही. पण तू त्याच्या कप्प्यात असायला हवीस, एवढं मला दिसतं.

वेदचं तू विचारणार. सुभेदार गेला त्या दिवशी तो माझ्या अंगावर धावून आला. "तो गेला तर मीही जातो," म्हणाला. मी म्हटलं, जा, शिवाकाकाकडे जा, मी गाडीभाडं देतो. खरंच म्हटलं, त्याचं भलं होईल म्हणून. तो गेला नाही. पोफळीला टेकून माझ्याकडे बघत राहिला, मी त्याच्याकडे. दोघांपैकी कोणी नजर काढेना. शेवटी अंधार पडला.

आता तो आधी जेवतो, मी मागून. एका वेळी पानावर बसत नाही. काल सकाळी मी आरशासमोर दाढी करत होतो, तो मागून आत आला नि माझा हात थांबला. मला वाटतं तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, गौरवला काय होत असेल ते. वेदला मी बाहेर काढणार नाही. तो माझा आहे, बाहेर जिथे जाईल तिथे कोणाच्या तरी शेजारी राहील. त्यापेक्षा इथे असू दे.

तुम्ही आमची काळजी करू नका. आम्ही दोघं एकमेकांना पुरे आहोत.

परशुराम